रिकाम्या चौकटीतला चेहरा

दर्शनी दाराची जाड काच पहिल्या फटक्याला फुटली नाही. तिच्यावर नुसते तड्यांचे जाळे पसरले. मग बाहेरून कोणीतरी शिवी हासडली, दुसरा घाव बसला आणि सगळी काच खळ्ळकन आत कोसळली. काका तेव्हा कार्यालयात बसून माइकच्या वायरीची गाठ सोडवत होते. संध्याकाळच्या शोकसभेला माइक लागणार होता. गाठ तशीच टाकून ते उठले, पण दाराशी पोहोचायच्या आत थोरल्या भावाचा आवाज त्यांच्या कानावर आला.

"अरे, कोण आहेस तू? माणसासारखा आत ये की!"

उत्तरादाखल लोखंड हाडावर आपटल्याचा आवाज आला, आणि दादा किंचाळले.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, या बॉक्सिंग हॉलचे मालक आणि प्रशिक्षक. उभा जन्म ठोसे खाण्यात आणि खायला शिकवण्यात घालवलेला हा माणूस सहजासहजी किंचाळणारा नव्हता. काका स्वतः रिंगमध्ये कधी उतरले नाहीत. तंत्रनिकेतनात शिकलेले, चष्मा जपून वागणारे हे धाकटे बंधू हॉलची वीज, ध्वनिवर्धक आणि वेबसाइट सांभाळत. पुतण्या त्यांना काका म्हणे, म्हणून सगळा हॉल त्यांना काका म्हणे. पुतण्याला मात्र सगळे घण म्हणत. त्याचा उजवा ठोसा ज्याने एकदा खाल्ला, त्याला या नावाचे कारण विचारावे लागत नसे.

आठवड्यापूर्वी तो ठोसा डावऱ्याने खाल्ला होता.

डावरा याच हॉलमध्ये वाढलेला. त्याची आई हॉलच्या फाटलेल्या बॅगा आणि उसवलेले ग्लोव्ह जाड सुईने शिवून देई, आणि तो तिच्या पायाशी खेळता खेळता ठोसे मारायला शिकला. घण आणि तो एका बाटलीतले पाणी प्यायलेले. सामना शेवटाकडे आला तेव्हा डावऱ्याचा एक डोळा सुजून मिटला होता, भुवईतून रक्त गळत होते, आणि तरी तो हसून म्हणत होता, "एवढंच? घरी आई याहून जोरात मारते." घणाचा उजवा हात त्याच्या कानशिलावर बसला. पडताना त्याचे डोके रिंगच्या काठाच्या लोखंडावर आपटले. छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण टिपला: दोन्ही हात वर करून, जबडा फाकून गर्जना करणारा घण, आणि चित्राच्या कडेला डावऱ्याच्या बुटांचे तळवे. तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, की ते पाय पुन्हा उभे राहणार नाहीत. इस्पितळात त्याला शुद्ध आलीच नाही.

काका दारात आले. काचांच्या ढिगात दादा गुडघा धरून लोळत होते. पँटमधून रक्त झिरपत होते. त्यांच्यासमोर हातभर लांबीचा लोखंडी गज घेऊन डावऱ्याचा थोरला भाऊ उभा होता. तो वेल्डर होता. हातांवर ठिणग्यांचे जुने डाग, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. त्याच्या मागे त्याचा मावसभाऊ होता, पाइपांचा भला मोठा पाना खांद्यावर टाकून. सभेसाठी मांडलेल्या खुर्च्या त्याने लाथेने उडवायला सुरुवात केली होती.

घण दिसत नव्हता. काकांनी कपडे बदलायच्या खोलीकडे पाहिले. पहिल्याच फटक्याला दादांनी मुलाला तिथे ढकलून बाहेरून कडीला कुलूप घातले होते. दार आतून थडथडत होते.

"बाबा! कडी काढा! बाबा!"

"गप बस!" दादा दातांवर दात आवळून ओरडले. "हात खिशात घाल आणि गप बस!"

काकांना यातले गणित चटकन उमगले. तो बाहेर आला तर ते दोघे त्याला जिवंत ठेवणार नाहीत. आणि त्यांच्याआधी त्याचा हात चालला, तर आठवड्यात दुसरे प्रेत पडेल. काहीही झाले तरी ती कडी लागलेली राहिली पाहिजे.

"तो आहे का आत?" मावसभावाने दाराकडे बोट दाखवले.

"आधी हा," वेल्डर म्हणाला. "घणाने हाताने मारलं. याने बोटाने मारलंय."

त्याने काकांची कॉलर धरली, फरफटत त्यांना कार्यालयात नेले आणि संगणकाच्या टेबलावर आदळले. चष्मा उडून कपाटाखाली गेला. मग त्याने आपला फोन त्यांच्या नाकाशी धरला.

"वाचा काका, शिकलेले आहात ना तुम्ही. मोठ्याने वाचा."

चष्म्याशिवाय काकांना अक्षरे पुसट दिसत होती, पण ते पान त्यांनीच बांधलेले होते. न पाहताही त्यांना ते पाठ होते. 'शोकसभा', खाली डावऱ्याचे नाव, मग दिवस आणि वेळ. आणि या सगळ्याच्या वर, पानाच्या पूर्ण रुंदीभर, दोन्ही हात उंचावून गर्जना करणारा घण. कडेला बुटांचे तळवे.

काकांनी डोळे बारीक करून पुन्हा फोनकडे पाहिले.

"हे मी लावलेलं नाही."

"तुमच्या साइटवर मग काय माझ्या आजीने लावलं?"

"मी चित्राची जागा रिकामी सोडली होती. तुझ्या आईला विचार, तिच्यासमोरच..."

"आईचं नाव काढू नका!"

गज खाली आला. काकांचा डावा हात टेबलावर पसरलेला होता. बोटे मोडल्याचा आवाज त्यांना आधी ऐकू आला आणि वेदना मागाहून, लाटेसारखी, खांद्यापर्यंत चढत गेली. डोळ्यांपुढे पांढरे झाले.

"आई सकाळपासून बोलत नाहीये," वेल्डर म्हणाला, आणि त्याचाच आवाज चिरकला. "शेजारणीने दाखवलं तिला. म्हणाली, तुमच्या पोराच्या सभेला मारणाऱ्याचा फोटो लावलाय. आई नुसती बघत राहिली. माझा भाऊ मेला ते मेलाच, काका. खेळात मेला. त्यासाठी मी काच फोडायला आलो नव्हतो. पण हे? हे जिंकल्याचा डंका पिटणं झालं. आमच्या मयतीत."

कोणीतरी हाताच्या पंजात खिळे ठोकावेत तशा कळा येत असतानाही काकांचे मन सवयीप्रमाणे त्या पानाकडेच वळले. हे चित्र आले कुठून? सामन्याच्या रात्री छायाचित्रकाराने ते चढवले होते. डावरा गेल्याची बातमी आल्यावर काकांनी तो सामना साइटवरून दडवला होता. त्यांच्या प्रणालीत तशी खूण करण्याची सोय होती. तेव्हापासून ते चित्र साइटच्या कुठल्याच पानावर नव्हते. मग ते शोकसभेवर कसे आले?

आणि डावऱ्याच्या आईचा चेहरा त्यांच्यासमोर उभा राहिला. परवा ती इथेच, या खुर्चीत बसली होती. म्हणाली होती, "भाऊजी, फोटो लावू नका. सुजलेला तर नकोच, हसराही नको. लोक फोटोच बघत बसतात. नुसतं नाव असू दे." काकांनी चित्राची चौकट कोरी ठेवली, नाव टंकले आणि जतन केले. एरवी कुठलाही बदल केला की ते पान उघडून पुन्हा डोळ्यांखालून घालत. ही त्यांची अनेक वर्षांची शिस्त होती. पण त्या माउलीच्या देखत तिच्या मुलाचे नाव शोकसभेखाली लिहिलेले पाहण्याचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी संगणकाचा पडदा बंद केला, आणि मग उघडलाच नाही.

कोरी चौकट! या हॉलचा दंडकच होता, की चित्राशिवाय कार्यक्रम जाहीर करायचा नाही. आजवर एकही कार्यक्रम चित्रावाचून गेला नव्हता. साइटच्या पानाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, पीएचपी या संगणकी भाषेत लिहिताना त्यांनी यंत्राला एकेक कार्यक्रम क्रमाने घ्यायला लावून अट घातली होती: चित्र असेल, तर ते उचलून स्मृतीतल्या एका डब्यात ठेव. मग डब्यात जे असेल ते छाप. चित्र नसेल तर काय करायचे, हे त्यांनी लिहिलेच नव्हते, कारण तशी वेळ कधी आलीच नव्हती. आणि कार्यक्रम दडवण्याची सोय त्यांनी पुष्कळ नंतर, त्या ओळीच्या खाली जोडली होती. म्हणजे यंत्र आधी दडवलेल्या सामन्याचे चित्र डब्यात ठेवत होते, मग सामना दडवलेला आहे हे पाहून तो तेवढा गाळत होते. पुढचा कार्यक्रम शोकसभेचा. त्याला चित्र नाही, म्हणून डब्यात कोणी हात घातला नाही. डबा तसाच भरलेला राहिला, आणि त्यातले घणाचे चित्र शोकसभेवर छापले गेले.

"मला त्या यंत्रासमोर बसू दे," काका म्हणाले.

"कशाला? पुसून टाकायला?"

"नाही. पुन्हा करून दाखवायला."

वेल्डरने गज उचलला, पण मारला नाही. बाहेर मावसभाऊ कडीवर पाना घालत होता. दर घावाला दार हादरत होते.

"ए, जरा थांब तिकडे!" वेल्डर ओरडला. मग काकांकडे वळून म्हणाला, "दाखवा. चलाखी केलीत तर दुसराही हात जाईल. मग पायाने टाइप करा."

काकांनी उजव्या हाताने कळफलक ओढला. डाव्या हाताचे रक्त मांडीवर ठिबकत होते. त्यांनी दडवलेला सामना उघडून दाखवला. घणाचे चित्र तिथे होते.

"हे बघ. हा सामना मी दडवलाय, साइटवर कुणाला दिसत नाही. आता याचं चित्र बदलतो." कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांसाठी काढलेले त्यांचे स्वतःचे चित्र त्यांनी निवडले: चष्मा, नीट विंचरलेले केस, कॅमेऱ्याला घाबरलेला चेहरा. "शोकसभेला मी हात लावलेला नाही. बघतोयस ना? तिची चौकट कोरीच आहे. आता तुझ्या फोनवर पान पुन्हा उघड. माझ्या यंत्रावर नको, तुझ्या फोनवर."

वेल्डरने अंगठ्याने पान खाली ओढून सोडले. पान येईपर्यंत पडद्यावर क्षणभर एक गोल फिरत राहिला. मग शोकसभेच्या वर, पूर्ण रुंदीभर, काका आले.

वेल्डरने फोन डोळ्यांजवळ नेला. त्याचा श्वास अजून भात्यासारखा चालला होता.

"आता ही तुमचीच शोकसभा झाली," तो शेवटी म्हणाला.

"आधीच्याचं चित्र काढून टाक, असं मी यंत्राला सांगितलंच नाही. नवीन माणसासमोर ताट मांडायच्या आधी ते धुवायला हवं होतं. मी धुतलं नाही."

"म्हणजे माझ्या भावाला उष्टं ताट वाढलंत."

"हो."

"कुणी? त्या घणाने नाही? दादाने नाही?"

"त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. मी वाढलं."

गज वेल्डरच्या हातात खाली झुकला. तो पूर्ण शांत झाला होता असे नव्हे. राग अंगात तसाच होता, फक्त तो कोणावर काढायचा हे त्याला आता कळेनासे झाले होते. लहान पोरासारखा त्याने ओठ चावला. "आईला आता हे कसं समजावू मी?" तो पुटपुटला, आणि नीट बघायला काकांवर ओणवून पडद्याशी वाकला.

बाहेरच्या मावसभावाने त्याचे ऐकले नव्हते. कडी तुटली.

दार उघडताच आतून घण सुटला. त्याने मावसभावाकडे पाहिलेसुद्धा नाही. खांद्याच्या एका धक्क्याने तो माणूस खुर्च्यांवर उलथला आणि पाना लांब घरंगळत गेला. घणाला फक्त एवढेच दिसले: बाप रक्तात पडलेला, कार्यालयाचे दार सताड उघडे, टेबलाशी रक्ताने माखलेले काका, आणि त्यांच्यावर गज घेऊन ओणवलेला माणूस. तो धावत आला. त्याचा डावा पाय पुढे टेकला, उजवा खांदा मागे गेला.

काकांनी तो पवित्रा त्याच्या लहानपणापासून पाहिला होता. यानंतर काय होते हे त्यांना माहीत होते, आणि वेल्डरची पाठ त्याच्याकडे होती. घणासमोर वेल्डरचे कानशील उघडे होते. डावऱ्याला लागले होते, नेमके तिथेच.

ओरडून सांगायला वेळ नव्हता. काकांनी मोडक्या हातासकट सगळे अंग वेल्डरच्या छातीवर झोकले. तो बाजूला कोलमडला, आणि त्याच्या जागी काकांचा चेहरा आला.

ठोसा जबड्यावर बसला. कडकन आवाज झाला. काका खुर्चीसकट मागे गेले, कपाटावर आपटले आणि घसरत जमिनीवर बसले. तोंडातून रक्त, लाळ आणि दाताचा एक तुकडा छातीवर आला. खालचा जबडा एका बाजूला ओघळल्यासारखा लोंबत होता.

"काका?" घण म्हणाला. तो आपल्या मुठीकडे पाहत होता. "काका, मी... काका, तुम्ही मध्ये का आलात?"

तो काकांसमोर बसला आणि त्यांचा चेहरा हातात धरू लागला, पण कुठे धरावा ते त्याला कळेना.

वेल्डर उठून उभा राहिला. गज अजून त्याच्याच हातात होता, आणि घणाची उघडी मान त्याच्यासमोर होती. मावसभाऊ लंगडत दारात आला. "हाण!" तो म्हणाला. "अरे, बघतोस काय? हाण!" बाहेर दादा कोपरांवर सरपटत येत होते. "त्याला नको रे! त्याला नको, मला मार!"

काका बोलू पाहत होते. तोंडातून केवळ बुडबुडे आले.

घणाने वळून पाहिले. गज पाहिला, पण तो उठला नाही. त्याने काकांचा चेहरा हलकेच सोडला आणि आपला उजवा पंजा टेबलाच्या काठावर उपडा ठेवला.

"हा घे," तो म्हणाला. "आठवडाभर मला याच्याकडे बघवत नाहीये. जेवताना दिसतो, झोपताना दिसतो. डोकं मागशील तर डोकंही देतो, पण आधी हा घे."

"बोलून सुटशील असं वाटतं तुला?"

"नाही."

वेल्डरने टेबलावर पडलेल्या फोनकडे पाहिले. तिथून काकांचा घाबरलेला चेहरा त्याच्याकडे बघत होता.

"हा हात पुन्हा कुठल्या फोटोत दिसायला नको," तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी गज घातला.

घण किंचाळला नाही. त्याने कपाळ टेबलाला टेकले आणि जनावरासारखा घशातून आवाज काढत राहिला. पंजाचे हाड कातडीतून वर आले होते. वेल्डरने पुन्हा गज उचलला. मग तो गज त्याने खिडकीवर फेकला, आणि आजची दुसरी काच फुटली.

"झालं?" बाहेरून बाईचा आवाज आला.

डावऱ्याची आई फुटलेल्या दाराच्या चौकटीत उभी होती. सभेला अवकाश होता. ती लवकरच आली होती. तिने खाली पडलेल्या दादांना पाहिले, उलथलेल्या खुर्च्या पाहिल्या, मग काचा चुकवत ती कार्यालयापर्यंत आली आणि आत नजर टाकली. मुलाच्या हातांवरचे रक्त तिला दिसले. ते कोणाचे, असे तिने विचारले नाही.

"आई, ती चूक होती," वेल्डर म्हणाला. "यांच्या त्या यंत्राची. यांनी करून दाखवली मला. ते म्हणजे... ताट धुतलं नव्हतं, आई."

"मग हे सगळं कशाला केलंस?"

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हुंदके देऊ लागला.

"रुग्णवाहिकेला फोन कर," ती मावसभावाला म्हणाली. "रडायला संध्याकाळ पडली आहे. आणि त्या खुर्च्या सरळ करा. लोक येतील."

तिने पदर फाडून घणाचा हात बांधायला घेतला. जाड सुई चालवलेली तिची बोटे स्थिर होती. घण मान वर करायला तयार नव्हता. "बस सरळ," ती त्याला म्हणाली, "नाहीतर गाठ बसत नाही."

रुग्णवाहिका येईपर्यंत काकांनी जागचे हलू नये, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. काकांनी ऐकले नाही. कपाटाला धरून ते उठले. वेल्डरने त्यांना थांबवायला हात पुढे केला, मग काय वाटले कोणास ठाऊक, वाकून कपाटाखालचा चष्मा काढला, शर्टाला पुसून त्यांच्या नाकावर ठेवला आणि पडलेली खुर्ची उचलून त्यांच्या मागे सरकवली.

काकांनी टेम्प्लेट उघडले. एका हाताच्या एका बोटाने, ओठातून ठिबकणारे रक्त बाहीला पुसत, प्रत्येक कार्यक्रमाच्या फेरीच्या अगदी सुरुवातीला, अटीच्याही आधी, त्यांनी एक नवी ओळ लिहिली: डबा रिकामा कर. शेवटी त्यांनी आणखी एक अट घातली: डब्यात काही असेल तरच चौकट काढ. नसेल तर चौकटही नको.

जतन केल्यावर त्यांनी या वेळी पडदा बंद केला नाही. पान उघडले, वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातले, आणि मग पडदा डावऱ्याच्या आईकडे वळवला.

पानावर कोणाचा चेहरा नव्हता. वर पांढरी जागा, आणि तिच्याखाली शोकसभा, मुलाचे नाव, वेळ.

तिने ते नाव दोनदा वाचले.

"एवढंच तर सांगितलं होतं, भाऊजी," ती म्हणाली, आणि खुर्च्या मांडायला बाहेर गेली.